किसमिसचा पंचनामा

कुत्र्यानं काही भलतंच खाल्लं की जनावरांचे डॉक्टर तीन प्रश्न विचारतात. काय खाल्लं? किती खाल्लं? केव्हा खाल्लं? कुत्र्याला वाचा असती तर त्यानं तिन्ही उत्तरं एका दमात देऊन टाकली असती. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. पण उत्तरं द्यावी लागतात घरच्या माणसांना, आणि सगळा घोळ तिथं होतो.

आमचंच घर घ्या. आमच्याकडे कोणी काही खातच नाही. आजीला साखर आहे, त्यामुळे ती गोडाकडे पाहतसुद्धा नाही. बाबांना तळलेलं सोडायला सांगितलं, ते त्यांनी त्याच दिवशी सोडलं. बायको संध्याकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही घेत नाही. मुलगा नागपूरला शिकायला गेल्यापासून अंड्यातला पिवळा भागसुद्धा बाजूला काढतो. मी शाळामास्तर. मतदारयाद्या आणि पोषण आहाराचा हिशेब यांतून मला खायला सवड कुठली! इतकी विरक्त माणसं एका छपराखाली राहत असूनही फराळाचे डबे बघता बघता तळाला जातात. कसे जातात, हे कोणी कोणाला विचारत नाही. घरात टायगर आहे ना.

कुत्रा पाळण्याचे फायदे सांगताना लोक राखण सांगतात, सोबत सांगतात. संशय घ्यायला घरात एक हक्काचा प्राणी कायम हजर असतो, हा सगळ्यात मोठा फायदा मात्र कोणी बोलत नाही.

टायगर हे नाव बाबांनी ठेवलं. आमचा अर्जुनी-मोरगाव तालुका गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. नवेगावबांध जवळच, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही झालेला. पहाटे जिप्सीत कुडकुडत बसून चितळ, गवे आणि गाइडची पाठ पाहून परतलेले पाहुणे आमच्या अंगणात टायगरबरोबर फोटो काढून घेतात. निदान नाव तरी पदरात पडतं. हा टायगर शेजारच्या कोंबडीला वळसा घालून जातो. कोणी जात विचारली की बाबा 'लोकल' एवढंच सांगतात.

तर दिवाळी सरली होती आणि मंडईचे दिवस होते. आमच्या या झाडीपट्टीत न राहणाऱ्यांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो. आमच्याकडे मंडई म्हणजे हलका धान घरात आलेला, भारी धान अजून बांधीत उभा, दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेत पाहुणे. वडशाहून नाटक कंपनी येते, पडदा रात्री उशिरा वर जातो आणि उजाडता उजाडता खाली येतो. पाहुणे मात्र नाटकाच्या आधी दोन दिवस येतात आणि नाटक संपल्यावरही पात्रं ओळखायला मागे थांबतात.

या पाहुण्यांत माझा साळा होता. तो नोकरीनिमित्त सांगलीला असतो. येताना त्यानं अर्धा किलो बेदाणा, म्हणजे आपलं किसमिस, आणलं होतं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यानं चपला काढता काढताच सांगितलं. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून सुटते आणि गोंदियाला टेकते. एकाच राज्यात तेराशे किलोमीटरहून जास्त धावते. त्या किसमिसनं अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडला, गोंदियाला गाडी बदलली, बल्लारशाच्या गाडीनं ते अर्जुनीला उतरलं, आणि करंजीच्या सारणात पडायच्या आधी नेमकं घरातल्या जमिनीवर त्याचं काय झालं, हा पुढच्या पंचनाम्याचा विषय.

दुपारी स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. हाक कसली, दंडारीच्या ढोलकीवाल्यानं हात थांबवला. जाऊन पाहतो तर पिशवी फाटलेली, रिकामी, आणि शेजारी टायगर. एक दाणा त्याच्या मिशीला चिकटलेला.

"खाऊ दे," मी म्हणालो. "किसमिसच तर आहे. रक्त वाढते."

मुलानं तोवर फोन काढला होता. "पप्पा, कुत्र्याची किडनी जाते त्यानं."

घरात शांतता पसरली. किसमिसनं किडनी जाते, हे ऐकून आजीनं हळूच स्वतःच्या कमरेला हात लावला. तेव्हा त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नाही.

मुलानं वाचत वाचत जी यादी ऐकवली, ती ऐकून वाटलं, निसर्गानं ही यादी बनवताना माणसाची चेष्टाच केली आहे. तब्येतीला चांगलं म्हणून माणूस जे जे महागाचं खातो, ते ते कुत्र्याला बाधतं. द्राक्षं आणि किसमिस मूत्रपिंडाला. लसूण आणि कांदा रक्ताला. शिजवला तरी सुटका नाही, त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ते दिसायला काही दिवस लागतात. तोवर घरातली माणसं भज्यांचं ताट विसरून शेजाऱ्यानं विष घातल्याच्या निष्कर्षाला पोचलेली असतात. हृदयाला उत्तम म्हणून खातात ते कडू काळं चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी वाईट. त्यातलं थिओब्रोमिन माणूस बराच लवकर निकालात काढतो, कुत्र्याच्या अंगात त्यातलं अर्धं उतरायलाच सतरा-अठरा तास जातात. आणि साखर नको म्हणून चघळायच्या शुगर-फ्री गमात झायलिटॉल असलं, तर कुत्र्याची साखर अर्ध्या-पाऊण तासात कोसळते. उलट, हाच टायगर नालीच्या कडेचं काय काय खाऊन रात्री निवांत झोपतो. ते यादीत नाही.

पाच मिनिटांत निम्मी मंडई आमच्या अंगणात आली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक आधी विचारतात, कोणत्या डॉक्टरकडे नेलं. कुत्रा आजारी पडला तर आलेला प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर असतो.

शेजारच्या काकाजींचं कृषी केंद्र आहे, म्हणून विषाचा विभाग त्यांच्याकडे. "गिलासभर पाण्यात मूठभर मीठ कालवा आन् पाजा," ते म्हणाले. "भडाभडा ओकते." (ओकतो किंवा ओकत नाही, पण तेवढं मीठ पोटात राहिलं तर कुत्र्याला झटके येऊन तो मिठानंच जाऊ शकतो. काकाजींना हे नंतर कळलं, पण त्यांनी ते मान्य केलेलं नाही.) दुसऱ्यानं दूध सुचवलं. विष कोणतंही असो, साप चावो की पाल पडो, मराठी माणसाचा उतारा दूधच. तिसरे पाहुणे नाटकाच्या तयारीला लागून आलेले होते, त्यांच्या तोंडाला मोहाचा वास होता. "एक झाकण पाजा जी," ते म्हणाले. "सगळे जंतू मरतात." जंतू नव्हते, किसमिस होतं, आणि दारू कुत्र्याला थोडीही सोसत नाही, पण पाहुण्यांशी वाद घालणं आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. बायको तापाची गोळी घेऊन आली.

"ताप कुठं आलाय त्याला?"

"येईल ना. आधीच दिलेली बरी."

पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला झेपत नाही आणि मांजराला तर एक गोळीही जिवावर बेतते, हे मुलानं वाचून दाखवलं. मांजर भिंतीवर बसून हे सगळं पाहत होती. ती उतरून निघून गेली. मग मुलाला कुठंतरी सापडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड पाजतात. काकाजी लगेच मेडिकलच्या दिशेनं निघाले. अमेरिकेत म्हणे प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास फोनवर सल्ला देणारं केंद्र आहे. सल्ल्याची फी डॉलरमध्ये. बाबांनी रुपयांत भाव विचारला आणि विषय मिटला.

शेवटी आजीनं निर्णय दिला. "चिंचेचा कोळ पाजा. माह्या बाबानं आमच्या कुत्र्याले पाजला होता."

"वाचला का तो?"

"वाचला कायचा! पण ओकला बराबर."

कोळ तयार झाला. एवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. सरकारनं जनावरांसाठी १९६२ हा नंबर दिलेला आहे, फिरती गाडी येते, हे आमच्या गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलेलंच आहे. पण बाबांचा सरकारी नंबरापेक्षा ओळखीवर भरवसा. डॉक्टर शेजारच्या गावात एका अडलेल्या म्हशीपाशी होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत म्हशीत होता आणि फोन म्हशीच्या मालकानं त्यांच्या कानाला धरला होता. त्यामुळे मधूनमधून "ओढा" आणि "दम धरा" हे कोणाला उद्देशून आहे ते कळत नव्हतं.

"काय खाल्लं?"

"किसमिस."

"काही पाजलं का?"

"अजून नाही. चिंचेचा कोळ तयार आहे."

"फेका तो आधी! मीठ, पेरॉक्साइड, काहीच पाजू नका."

म्हैस अडलेली असतानाही त्यांनी कारण समजावून सांगितलं. द्राक्षात नेमकं काय बाधतं, हे कित्येक वर्षं कोणाला सांगता येत नव्हतं. मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी भिजवलेली मुलांच्या खेळण्याची कणीक खाऊन एक कुत्रा द्राक्षं खाल्ल्यागत आजारी पडला. कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं. तेच आम्ल द्राक्षात असतं, आणि तेच चिंचेत भरपूर. म्हणजे आजीचा उतारा आणि टायगरचं विष सख्खी भावंडं निघाली. आजीनं वाटी मागे घेतली, पण आवाज नाही. "तरीच तो वाचला नाही," ती म्हणाली, आणि साठ-सत्तर वर्षांचं एक कोडं सुटल्याचं समाधान तिच्या तोंडावर दिसलं.

"किती खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

इथून आमच्या घराचा खरा पंचनामा सुरू झाला.

"अर्धा किलो," बायको म्हणाली. "पिशवी भरलेली होती."

"भरलेलीच होती," बाबा म्हणाले.

"मी तं पाहली पण नाही," आजी म्हणाली.

"अख्खी," साळा म्हणाला. "सीलबंद आणली मी."

एवढं एकमत आमच्या घरात मालमत्तेच्या वाटणीतही झालं नव्हतं. डॉक्टर गंभीर झाले. "अर्धा किलो असेल तर इथं भागायचं नाही. नागपूरला न्या, व्हेटर्नरी कॉलेजला. दोनेक दिवस सलाइन, किडनीच्या तपासण्या. आणि वजन किती त्याचं? वजन करून सांगा. तासाभरात पोचतो मी, तोवर गाडी पाहून ठेवा."

वजन करायला टायगरला धानाच्या व्यापाऱ्याकडे नेलं. हंगामामुळे काट्यापुढे कट्ट्यांची थप्पी लागली होती. टायगर एकटा काट्यावर थांबेना, म्हणून मी त्याला उचलून उभा राहिलो. हमालानं आकडा पाहून विचारलं, "बारदाना वजा करू का, मास्तर?" बारदाना म्हणजे मी. मग मला एकट्याला तोललं, आणि घरी मी जे वजन सांगत आलो होतो त्याच्या बऱ्याच पुढचा आकडा मंडईला आलेल्या आसपासच्या गावांसमोर मोठ्यानं वाचला गेला. टायगर अठरा किलो भरला. "ओलावा हाये त्यात," हमाल म्हणाला. "बोडीत डुंबून आलेला दिसते. सतराच्या वर ओलावा असला तं आधारभूत केंद्रवाले घेत नाहीत जी." मी म्हणालो, विकायचा नाही. तो म्हणाला, मग हरकत नाही.

इकडे गाडीवाल्यानं नागपूरचा भाव सांगितला. अर्जुनीहून नागपूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, त्यात मंडईचा दिवस, त्यात कुत्रा, त्यात तो ओकण्याची शक्यता. चारही कलमांचे वेगळे पैसे होते.

भाव ऐकला आणि बाबांचा प्रामाणिकपणा जागा झाला. बाबा निवृत्त तलाठी. आयुष्यभर लोकांच्या नुकसानीचे पंचनामे केलेला माणूस. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान दाखवायचं की खाली, हे त्यांना बांधावर उभ्या उभ्या कळतं. त्यांनी खाकरून सांगितलं, "अर्धा किलो म्हणता येणार नाही. मी सकाळी दोन-चार दाणे तोंडात टाकले होते. गोळी कडू लागली म्हणून."

"दोन की चार?" मुलानं फोनवर हिशेब उघडला.

"मूठ धरा."

एकदा सरकारनंच कबुली दिल्यावर रयत मागे कशाला राहते! बायकोनं शिऱ्यात थोडं घातलं होतं. शिरा पाहुण्यांचा होता, त्यामुळे तो तिच्या नावावर धरू नये असं तिचं म्हणणं. घालताना चाखून पाहिलं, ते मात्र सातच्या आत होतं. मुलानं कबूल केलं की व्यायामाआधी शक्ती यावी म्हणून त्यानं 'मोजून' घेतलं होतं. मोजमाप वाटीचं होतं. माझंही नाव आलं. वह्या तपासताना हात कुठं जातो याकडे माझं लक्ष नसतं. सगळ्यात शेवटी सीलबंदवाला साळा उरला. त्याच्याकडे सगळे बघत राहिले.

"भाऊजी," तो म्हणाला, "गाडीला दिवसरात्र लागतात. माणसानं मनमाडपासून पुढं करायचं काय?"

म्हणजे भौगोलिक मानांकनाचा तो माल आमच्या घरी यायच्या आधीच भूगोलात विखुरला होता.

डॉक्टर आले. म्हैस मोकळी झाली होती, पारडू ठीक होतं, त्यामुळे ते आनंदात होते. खाऊन दोन तासांच्या आत असेल तर ओकवण्यात अर्थ असतो, म्हणून त्यांनी "केव्हा?" विचारलं. त्यावर चार जणांनी चार वेळा सांगितल्या. प्रत्येकाची वेळ स्वतः स्वयंपाकघरात नव्हतो तेव्हाची होती. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं, टायगरचं पोट चाचपलं, आणि आमच्यापेक्षा पोटावर विश्वास ठेवून इंजेक्शन दिलं.

तेवढ्यात बाबांना संत नामदेव आठवले. कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी खाऊ नको म्हणून. "आणि आपण काय करून राहिलो? त्याच्या पोटातलं काढून घेऊन राहिलो!" बाबा गहिवरले. डॉक्टर बाबांना म्हणाले, "काकाजी, नामदेव महाराज थोर होते. पण तूप जास्त झालं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. वाटी घरातच राहू द्या."

टायगर ओकला. अगदी व्यवस्थित, तुळशीवृंदावनापासून अंतर राखून. आणि बाबा काठी घेऊन खाली बसले. दोन पंच बोलावले, एक काकाजी आणि एक मोहाचा वास येणारे पाहुणे. किसमिस पोटात फुगतं, त्यामुळे मोजायला सोपं जातं, हे त्या दिवशी कळलं. सोबत करंजीची एक कड, पोषण आहाराच्या पोत्याचा धागा आणि बायकोचं हरवलेलं हेअरक्लिपही निघालं. त्याचीही नोंद झाली.

"जास्त नाही," डॉक्टर म्हणाले. "मूठभरही नसेल. पण किसमिसचं असं आहे, कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. एखादा पुष्कळ खाऊन ठणठणीत राहतो, एखाद्याला थोडंही भारी पडतं. म्हणून सलाइन लावू. लघवी करतो की नाही ते पाहा, दोन-तीन दिवस. उद्या रक्त तपासू."

टायगरला सलाइन लागलं. बाटली धरायचं काम माझ्याकडे आलं. घरात ज्या कामाला अक्कल लागत नाही पण उंची लागते, ते माझं. नाटकाला जाणारे जाताना टायगरच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि त्याला बिस्किटं देऊ नका हे मी सांगेपर्यंत देत होते.

बाबा मात्र वहीवर वाकलेले. टायगरकडून वसूल इतके. माझे, मुलाचे, सुनेचे, साळ्याचे मनमाड ते गोंदिया. शिरा. स्वतःचे 'मूठ'. बेरीज पुन्हा पुन्हा केली. "जमत नाही," ते म्हणाले. "पावशेराच्या आसपास तूट येते."

"पोटात राहिलं असंल कुत्र्याच्या," आजी म्हणाली.

"पोट रिकामं आहे त्याचं," डॉक्टर म्हणाले.

"मंग उंदीर."

टायगर तोवर जरा सावरला होता. सलाइनची नळी ओढत तो उठला, म्हणून बाटलीसकट मलाही त्याच्यामागे जावं लागलं. तो सगळ्यांना सोडून आजीपाशी गेला, तिच्या लुगड्याच्या ओच्याला नाक लावलं आणि शेपूट हलवत तिथंच बसला. आजीनं त्याला बाजूला सारलं. तो परत बसला. बाबांनी वहीतून डोकं वर काढलं. पंचांनीही.

डॉक्टरांनी बॅग बंद करता करता विचारलं, "आजीबाई, साखर शेवटची केव्हा तपासली?"

आजीनं ओचा घट्ट केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग त्याले, आपलं आपलं पाह्य म्हणा. ढोरांचा डाक्टर तो, त्याले माणसातलं काय समजते?"